सोबत: मॅकरोनी, वेंडेल

मार्चच्या दुसऱ्या रविवारी चर्चच्या दारातल्या टेबलावरचा कागद मी वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (अंतर फार नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे, त्यामुळे माझा राग इतरांपेक्षा लवकर पोचतो.)

तो कागद होता मे महिन्यातल्या मोटरसायकल-आशीर्वादाच्या नावनोंदणीचा. आमच्या एल्क फोर्डमध्ये बर्फ वितळून रस्ते कोरडे झाले की एका रविवारी आसपासचे सगळे मोटरसायकलवाले चर्चच्या पटांगणात जमतात. फादर माझूर प्रत्येक गाडीवर पवित्र पाणी शिंपडतात आणि चालवणाऱ्याच्या हातावर बोटाच्या पेराएवढी पितळी घंटी ठेवतात. ती गाडीच्या पोटाखाली बांधायची, म्हणजे वाटेतलं अरिष्ट तिच्यात अडकून बसतं. घंटी फक्त चालवणाऱ्याला मिळते. मागे बसणाऱ्यावर अरिष्ट येत नाही असं चर्चचं मत असावं.

तर त्या कागदावर माझ्या बायकोने, कोरीनने, आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘चालक: कोरीन प्रुइट. सोबत: मॅकरोनीचं भांडं, वेंडेल.’

वेंडेल म्हणजे मी.

कोरीन शाळेची बस चालवते. पाच फूट दहा इंच उंच आहे. लग्नाच्या फोटोत मी तिच्या कानाला लागतो, तेही पायरीवर उभा राहून. तिची मोटरसायकल इतकी अवजड आहे की तिला मागे जायचा गिअर आहे. नऊ वर्षं मी त्या गाडीवर तिच्या पाठीमागे, मांडीवर गरम भांडं घेऊन आशीर्वादाला जात होतो. पटांगणात पोचलो की उतरायचं आणि भांडं तळघरातल्या स्वयंपाकघरात न्यायचं. तिथे भांडी घासायला माणूस कमी असतोच. नऊ वर्षांत वर पटांगणात नेमकं काय चालतं ते मी एकदाही धड पाहिलेलं नव्हतं. (हे लक्षात ठेवा. पुढे जे शेकलं ते यामुळेच.)

मी काउंटीच्या कचेरीत जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या खिडकीवर बसतो. माझ्या सहीशिवाय एल्क फोर्डमध्ये कोणी कागदोपत्री मरू शकत नाही. असा माणूस मॅकरोनीच्या नंतर? मी तिथल्या तिथे ठरवलं, या वर्षी आपण स्वतःच्या गाडीवर जायचं, स्वतःच्या हातात घंटी घ्यायची आणि मॅकरोनीने काय ते आपलं आपण बघावं.

घरी कोरीनला काही बोललो नाही. तिला धक्का द्यायचा होता. पण मोटरसायकलचं मला ओ का ठो कळत नसल्यामुळे मी एक चूक केली, तिच्या भावाला विचारलं. माझा मेव्हणा रॉस्को ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. सहा फूट चार इंच उंच आहे आणि जगातल्या सगळ्या वस्तू आपल्या मापाने बनवल्या आहेत यावर त्याचा ठाम विश्वास आहे. त्याने बहिणीला न सांगायची शपथ घेतली. मग मला आधी कॉलेजच्या पार्किंगमध्ये दोन दिवसांच्या शिकवणीला पाठवलं. तिथे मी सायकलीपेक्षा जेमतेम मोठ्या गाडीवर, प्लास्टिकच्या शंकूंमधून नागमोडी जाऊन, पास झालो. (शंकू तीन पडले. एकावर मी बसलो होतो.) पुढचा प्रश्न गाडीचा होता.

पहिली गाडी रॉस्कोच्या मित्राची होती. डोंगरात, चिखलात, कुठेही जाणारी. मी तिच्यावर चढलो ते खुर्ची घेऊन. चढल्यावर कळलं की माझे दोन्ही पाय हवेत आहेत आणि गाडी सरळ उभी आहे ती रॉस्कोने मागून धरलीय म्हणून. एका बाजूला कलंडून मी उजव्या पायाचा अंगठा जमिनीला लावला, तेव्हा डावा पाय थेट सीटच्या उंचीला गेला. मित्र म्हणाला, पाय टेकायची गरज फक्त थांबताना असते. जसं काही थांबणं हा माझा छंद होता. मी त्याला विचारलं, सिग्नलला काय करू, गोल गोल फिरत राहू? त्यावर दोघेही हसले. मला हसू आलं नाही.

दुसरी गाडी बुटकी होती. बुटकी म्हणजे माझ्यासाठीच, असं रॉस्कोने छातीठोकपणे सांगितलं. सीट खरंच खाली होती, पण सोफ्याइतकी रुंद. तिच्यावर बसलो की मांड्या दोन दिशांना फाकायच्या आणि उरलेला पाय जमिनीपर्यंत पोचायच्या आत संपायचा. पाय ठेवायच्या दांड्या पुढच्या चाकाजवळ आणि हँडल त्याच्याही पुढे. दोन्ही गाठायचं तर मला आडवंच व्हावं लागलं. गाडी सव्वातीनशे किलोची. ती हळूहळू डावीकडे झुकायला लागली तेव्हा मी तिला विनवण्या केल्या, पण तिने ऐकलं नाही. आम्ही दोघं मालकाच्या हिरवळीवर पडलो. तिला उचलायला तिघं आले, मला उचलायला कोणी नाही.

“तुझी उंचीच आडवी येतेय गड्या,” रॉस्को म्हणाला. “बुटांना जाड तळ लावून घे. दोन इंच. कोणाला कळणार नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अडतीस लाख गाड्या बनवणाऱ्यांना एक सीट खाली घेता येत नाही आणि दोष माझ्या पायांना? मी त्याला सांगितलं, माझे पाय बरोबर जमिनीपर्यंत पोचतात, तुझ्यासारखेच, एक इंच कमी नाही की जास्त नाही. त्याला ते पटायला थोडा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी मी चांभाराकडे जाऊन, कोणाला न सांगता, बुटांना दोन इंचांचे रबरी तळ लावून घेतले. (राग वेगळा आणि दोन इंच वेगळे.)

एप्रिल संपत आला आणि गाडीचा पत्ता नव्हता. अशा वेळी ऑपल ब्रिंक माझ्या खिडकीवर आली. ऑपल म्हणजे गावाबाहेर मेंढ्या पाळणारी ब्याऐंशी वर्षांची बाई, उंची चार फूट अकरा. माझ्या काउंटरवरून मला तिची फक्त टोपी दिसते. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल तिला हवी होती. ती नक्कल घेतली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “तू गाडी शोधतोयस असं चांभार सांगत होता. उद्या ये. टेप घेऊन ये.”

मी गेलो. तिने मला स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि जांघेपासून जमिनीपर्यंत माझं माप घेतलं. सत्तावीस इंच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझी उंची न मोजता माझे पाय मोजले होते. “बाकीचं धड गाडीला काय करायचंय?” ती म्हणाली. मग तिने मला गोठ्यामागच्या शेडमध्ये नेलं.

तिथे निळी, जुनी, सडपातळ गाडी होती. टाकीवर एक पांढरं बदक रंगवलेलं होतं. बदक ऑपलने स्वतः रंगवलं होतं, आणि ते कोणाच्या तरी अंगावर धावून चाललं होतं. ते बदक बघून मला संताप आला. सत्तेचाळीस वर्षांचा सरकारी माणूस बदकावर बसून जाणार का, असं मी विचारणारच होतो. तेवढ्यात मी बसलो आणि माझ्या दोन्ही पायांचे तळवे, टाचांसकट, जमिनीला टेकले.

सीटचा स्पंज ऑपलने कातरून पुढच्या बाजूला अरुंद केला होता आणि वर स्वतःच्या मेंढ्यांची लोकर भरून शिवलं होतं. हँडल मागे ओढून घेतलं होतं. पाठ सरळ, कोपर सैल, गुडघे जिथे असायला हवेत तिथे. मी लगेच उतरायला लागलो तर तिने काठीने मला परत बसवलं. “एका मिनिटात सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात,” ती म्हणाली. “वीस मिनिटं बस. विसाव्या मिनिटाला ढुंगण खरं बोलतं.” ती बाजूला स्टुलावर बसून बटाटे सोलत राहिली आणि मी बंद गाडीवर बसून शेडची भिंत बघत राहिलो. विसाव्या मिनिटालाही ढुंगणाची काही तक्रार नव्हती.

गाडी का विकताय, असं मी विचारलं. ती म्हणाली, खुबा गेला. चालवता येते, पण थांबल्यावर पाय धरत नाही, आणि दोनदा फाटकाशी आडवी झाले. तिची एकच अट होती. आशीर्वादाचा दिवस होईपर्यंत कोणाला बोलायचं नाही. “या गावात बाईने गाडी विकली की दुसऱ्या दिवसापासून लोक जेवणाची भांडी आणून ठेवायला लागतात,” ती म्हणाली. “मला ती खायची नाहीत.” भांड्यांबद्दलचा राग मला चांगलाच कळत होता. मी शब्द दिला, कागद माझ्या नावावर झाले, आणि गाडी तिच्याच शेडमध्ये राहिली. रोज संध्याकाळी तिच्या शेताभोवती मी एक फेरी मारायचो आणि मेंढ्या माझ्याकडे बघायच्या. रॉस्कोला मी सांगून टाकलं की नाद सोडला. तो म्हणाला, शहाणा आहेस.

आशीर्वादाच्या दिवशी सकाळी कोरीनला म्हणालो, मी पुढे जातो, तू मॅकरोनी घेऊन ये. चालत ऑपलकडे गेलो. ती पुतणीच्या मोटारीने मागाहून येणार होती. मी गाडी काढली आणि सात वाजता, कोणी बघायच्या आत, पटांगणात पोचलो. वाटेतला तो पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. एकदाही पडलो नाही. समोरून आलेल्या एकाने, आमच्याकडे मोटरसायकलवाले एकमेकांना करतात तसा, डावा हात खाली करून दोन बोटांनी नमस्कार केला. मला परत करता आला नाही कारण हँडल सोडायची हिंमत नव्हती, पण मी मान जोरात हलवली.

पटांगण रिकामं होतं. अगदी पुढे, चर्चच्या पायऱ्यांपाशी, खडूने एक रांग आखली होती आणि प्रत्येक जागेत छोटा क्रॉस काढला होता. चर्चच ते, क्रॉस असायचेच. पहिल्या येणाऱ्याला पहिली जागा, असं म्हणत मी ऐटीत मधोमध गाडी लावली.

आता बुटांचं. या गाडीला जाड तळांची काही गरज नव्हती, हे मला मान्य आहे. पण कोरीनसमोर गाडीच्या शेजारी उभं राहायचं होतं, फोटो निघणार होते, आणि दोन इंच हे दोन इंच असतात. त्या बुटांनी ऑपलच्या घरापर्यंत चालतानाच माझ्या दोन्ही टाचा सोलून काढल्या होत्या. मी बूट काढले, गाडीच्या बाजूला नीट जोडीने ठेवले, हेल्मेट सीटवर ठेवलं, आणि पॅनकेकचा वास येत होता म्हणून मोज्यांनिशी तळघरात उतरलो. कोरीन येईपर्यंत दोन पॅनकेक खावेत, एवढाच विचार होता.

स्वयंपाकघराच्या प्रमुख लुएलाबाईंनी मला पाहिलं आणि एप्रन माझ्या गळ्यात घातला. मी म्हणालो, आज मी चालक म्हणून आलोय. त्या म्हणाल्या, हो का, मग आधी तो तवा घास. मी चिडून सांगितलं की बाहेर माझी गाडी उभी आहे. त्या म्हणाल्या, कोरीन आली वाटतं. असं चांगला तासभर चाललं. एका माणसाला गाडी आहे हे पटवायला किती तवे घासावे लागतात याचा काही हिशोबच नाही.

तळघराच्या खिडक्या जमिनीलगत आहेत. त्यातून वर फक्त चाकं आणि पाय दिसतात. पाय वाढत गेले. मग घंटा वाजली. चर्चची मोठी घंटा, एकेक ठोका सोडून. लुएलाबाईंनी हातातलं काम थांबवून डोळे मिटले. खिडकीतून मला माझे बूट दिसत होते. कोणाचे तरी हात आले आणि त्यांनी माझ्या दोन्ही बुटांत लायलॅकची जांभळी फुलं खोचली. मग जगमधून त्यांत पाणीही ओतलं.

“माझे बूट,” मी म्हणालो.

“गप्प बस,” लुएलाबाई म्हणाल्या. “वर्षभरात जे चालक गेले त्यांच्या गाड्या पुढच्या रांगेत आणतात. सीटवर हेल्मेट, खाली रिकामे बूट. प्रत्येकासाठी घंटा वाजते. नऊ वर्षं येतोस आणि एवढं माहीत नाही तुला?”

मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी तवे घासत होतो. एप्रनसकट मी जिन्याकडे धावलो.

वर दोनशे माणसं, टोप्या काढून, चिडीचूप उभी होती. मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. निळी गाडी, टाकीवरचं बदक, शेजारी लहान मापाचे बूट. गावात ते बदक ओळखत नाही असा माणूस नाही. पायऱ्यांवर उभा राहून रॉस्को बोलत होता. मागाहून कळलं की फादर माझूर आधी जरा साशंक होते, पण रॉस्को त्यांना म्हणाला, सकाळी सातपासून वेंडेल इथे आलाय, मृत्यूची नोंद त्याच्याकडेच होते, त्यानेच गाडी आणून ठेवली असणार. झालं. माझ्या खात्याच्या इज्जतीवर त्यांनी एका जिवंत बाईला मारलं होतं. मी ओरडलो की ती जिवंत आहे. पुढच्या माणसाने मागे न बघता श्श केलं. मी उडी मारून ओरडलो. कोणीतरी म्हणालं, त्याला बिचाऱ्याला फार लागलेलं दिसतंय.

इतक्यात माझ्या बाजूला काठीचा आवाज झाला. ऑपल आली होती. पाठींची भिंत बघून तिने विचारलं, “कोण गेलं?”

“तुम्ही,” मी म्हणालो.

तिने क्षणभर विचार केला. “घंटा किती वाजवली?”

“तीन ठोके.”

“हॅरॉल्डला दोनच दिले होते,” ती समाधानाने म्हणाली. हॅरॉल्ड म्हणजे तिचा नवरा. मी पुढे सरकायला लागलो तर तिने माझी बाही धरली. “थांब. ऐकू दे जरा.”

आम्ही दोघं, दोनशे पाठींच्या मागे, काही न दिसता तिच्यावरचं भाषण ऐकत उभे राहिलो. रॉस्को बरं बोलत होता. बर्फाच्या वादळात ऑपलने त्याच्या आईला औषध कसं आणून दिलं ते त्याने सांगितलं. ऑपल मान हलवत होती. मग तो म्हणाला, एवढ्याशा बाईचे पाय जमिनीला कसे टेकतात याचं गावाला कायम कोडं होतं, आज ते तिच्या बुटांकडे बघून सुटलं. बिचारी दोन इंचांचे तळ लावायची आणि कधी कोणाला कळू दिलं नाही.

ऑपलची मान हलायची थांबली. मी खूप लोक रागावलेले पाहिले आहेत, माझ्या खिडकीवर दुसरं काही येत नाही, पण असा राग पाहिला नव्हता. तिने काठी आडवी धरली आणि गर्दी फाडत निघाली. मी तिच्या मागे. लोक एकेक करून बाजूला होत गेले, आणि कोण चाललंय हे कळल्यावर आणखी बाजूला झाले. फादर माझूरांच्या हातातून पाणी शिंपडायचा दांडा पडला.

“मी जिवंत आहे,” ऑपल म्हणाली. “त्याचं मला काही वाटत नाही, माणसाची चूक होते. पण साठ वर्षं गाडी चालवली, तळ लावले नाहीत कधी. हे बूट याचे आहेत.” आणि तिने काठी माझ्याकडे रोखली.

दोनशे लोकांनी आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या मोज्यांकडे पाहिलं. त्यांत कोरीन होती. तिच्या हातात मॅकरोनीचं भांडं होतं. तिने बुटांकडे पाहिलं, तळांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला आणखीच राग आला.

“गाडी माझी आहे,” मी ओरडलो. “कागद माझ्या नावावर आहेत. मी स्वतः चालवत आणली. सात मैल.” आवाज मला वाटलं त्यापेक्षा बारीक आला.

आता पंचाईत अशी की आशीर्वादानंतर सगळे तळ्याभोवती फेरी मारतात, आणि जिच्यासाठी घंटा वाजली ती गाडी त्या फेरीत सगळ्यांच्या पुढे जाते, ही तिथली रीत. मेलेल्याची गाडी घरचं कोणीतरी चालवतं. फादर माझूरांनी दांडा उचलत विचारलं, मग चालवणार कोण? त्यांच्या दुसऱ्या हातात पितळी घंटी होती. माझी. मी हात पुढे केला. मागे दीडशे गाड्यांचा गडगडाट, पुढे तळ्याची वळणं, आणि माझा सगळा अनुभव मेंढ्यांसमोरचा, पण हात मी पुढे केलाच. नऊ वर्षं ज्यासाठी जळफळत होतो ती गोष्ट माझ्यापासून एक फुटावर होती.

ऑपल गाडीपाशी गेली होती. तिने बदकावर हात ठेवला होता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “एक फेरी, पोरा. मग तुझीच आहे. मला थांबताना पाय धरत नाही तेवढंच. मागे कोणीतरी बसून पाय टेकवले की झालं. ज्याचे पाय पोचतात असा कोणीतरी.”

त्या गाडीवर मागे बसून पाय जमिनीला टेकतील असा अख्ख्या पटांगणात मी एकटाच होतो. बाकीच्यांचे गुडघे हनुवटीला लागले असते. नाही म्हणायला माझ्याकडे कायदा होता, कागद होते, सकाळचे सात मैल होते. मी तिच्या हाताकडे पाहिलं आणि किल्ली दिली. रागाने दिली, हे नमूद करून ठेवावं. मनात एक अक्षर चांगलं नव्हतं.

फादर माझूरांनी घंटी ऑपलच्या हातावर ठेवली. पाण्याचे शिंतोडे मात्र दोघांवर उडाले, त्यांतले तिच्या वाट्याचेही माझ्याच चष्म्यावर आले. रॉस्को माझ्याजवळ येऊन म्हणाला की बूट चांगले आहेत. मी एप्रन काढून त्याच्या हातात दिला.

आम्ही निघालो. ब्याऐंशी वर्षांची बाई अशी चालवत होती की मी तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. समोरून येणाऱ्यांना ती दोन बोटांनी नमस्कार करायची, तेव्हा हँडल एका हातात असायचं आणि माझा जीव दुसऱ्यात. वाटेतल्या पाचही थांब्यांवर मी पाय टेकवले, मोज्यांनिशी, खडीवर. पाचही वेळा गाडी सरळ उभी राहिली. वळणांवर मी आपोआप तिच्याबरोबर झुकत होतो. हे कोणी शिकवत नाही, नऊ वर्षं मागे बसून येतं. फेरी संपल्यावर ऑपल उतरली, किल्ली माझ्या हातात दिली, आणि स्वतः वाकून घंटी गाडीखाली बांधली. “तू मागे फार छान बसतोस,” ती म्हणाली. तिला ते कौतुक वाटत होतं.

संध्याकाळी मी कोरीनशी भांडलो. तो कागद काढला. मॅकरोनीच्या नंतर माझं नाव का, असं सरळ विचारलं. तिने माझ्या टाचांना मलम लावता लावता सांगितलं की कागदावर सोबत एवढाच एक रकाना होता आणि भांड्याचं नाव आधी लिहिलं नाही तर ती ते विसरते. “तुला काय विसरणार?” ती म्हणाली. “तू मागे नसलास की वळणावर गाडी हलकी लागते. आज माझी सारखी डगमगत होती.” पण राग होता, तो एकदम कसा सोडणार, म्हणून दुसऱ्या टाचेला मलम मी स्वतःच लावलं.

प्रकरण तिथे संपलं असतं. पण आमच्या साप्ताहिकाची बातमीदार घंटेचे तीन ठोके ऐकून आणि फुलांचा फोटो काढून, ऑपल यायच्या आत, शाळेच्या बेसबॉल सामन्याला निघून गेली होती. गुरुवारी पहिल्या पानावर माझे बूट छापून आले. शुक्रवारी माझ्या खिडकीवर अकरा माणसं ऑपलच्या मृत्यूचा दाखला मागायला आली. ती मेलेली नाही असं लिहून द्यायचा फॉर्म आमच्या कचेरीत नाही. मी अकराजणांवर ओरडलो. शेवटी साप्ताहिकाला खरमरीत पत्र लिहिलं, चार पानी. त्यात घडलेलं सगळं तपशिलाने मांडलं आणि मी आता स्वतःच्या गाडीचा चालक आहे हे दोनदा अधोरेखित केलं.

पुढच्या गुरुवारी, तिसऱ्या पानावर, मेंढ्यांच्या लोकरीच्या जाहिरातीखाली, खुलासा छापून आला. कोरीनने तो कापून फ्रिजवर लावलाय. तो असा आहे: ‘श्रीमती ऑपल ब्रिंक हयात आहेत. छायाचित्रातले बूट त्यांच्या मागे बसणाऱ्या गृहस्थांचे आहेत.’